गेल्या गुरुवारचा चेहरा

"ताई, महिन्याची भेट झालीये तुमची. गेल्याच गुरुवारी." तुरुंगाच्या फाटकावरचा पहारेकरी सागात कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

"मी? गुरुवारी मी घरी बाळाचे दात बघत होते." कडेवरची मुलगी सावरत झानिल म्हणाली. "तुमचं यंत्र झोपलंय."

"यंत्र झोपत नाही, ताई. मी झोपतो. चेहरा तुमचाच म्हणतंय."

मागच्या रांगेतली म्हातारी खिदळली. "अगं, नवऱ्याची आवड तीच असेल. सारख्याच तोंडाच्या धरतो!"

झानिल सागातकडे वळली. "सामान आणलं होतं तिनं?"

"घोड्याच्या मांसाचं सॉसेज. घरी भरलेलं." सागातनं आवाज खाली आणला. "भेट संपल्यावर नवरा तुमचा, एर्केन, रडत आत गेला. मीच पाणी दिलं."

रडला? वर्षभर ती चार तासांची बस धरून येत होती. काचेपलीकडे तो फक्त मान हलवायचा. कोण ही भवानी, जिच्यापुढे याला रडू येतं?

"दाखवा मला. आत्ता."

सागातनं पडदा फिरवला. लाल रुमाल बांधलेली पोरगी. झानिलचीच हनुवटी, झानिलचेच डोळे, फक्त अठरा वर्षांचे.

तोर्गिन. झानिलची पहिली लेक. रिवाजाप्रमाणे पहिलं मूल आजी-आजोबांचं. चाळिसाव्या दिवशी सासूनं उचलून नेली, आपली म्हणून वाढवली. पोरगी बापाला 'दादा' म्हणायची, आईला 'वहिनी'. खरं सांगायची कुणाला मुभा नव्हती. या हिवाळ्यात सासू गेली.

"यंत्राचीच चूक," सागात ओशाळला. "कोण ही तुमची?"

"नणंद." अठरा वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"मग भेटीच्या अर्जात 'कैद्याशी नातं' या रकान्यात हिनं 'वडील' का लिहिलंय?"

झानिलनं तो शब्द दोनदा वाचला. म्हातारी पुढे सरकून बघायला लागली, तशी झानिल तिला कोपरानं ढकलून आत गेली.

एर्केन काचेपलीकडे येऊन बसला. तिला बघून त्याचे डोळे भरले. तिनं फोन उचलला. ना तब्येत विचारली, ना जेवण.

"हाक मारली ना तिनं तुला?" ती म्हणाली. "कशी मारली, सांग. तिच्याच आवाजात सांग."