हॉयटकाकांचं तळं

अलाबामातल्या आमच्या गावात हॉयटकाकांच्या तळ्यावर तीस वर्षं एकच नियम होता: बास मासा पकडा, पण लगेच पाण्यात सोडा. शेवटी मासे इतके झाले की त्यांना खाणं पुरेना. सगळे वीतभरच राहिले, डोकी मोठी आणि पोटं खपाटीला.

"काका, तुमच्या मायेनंच उपाशी मरतायत ते," तळं तपासायला आलेल्या माशांच्या जाणकार बाई म्हणाल्या. "दोनशे तरी काढा आणि तळून खा!"

काकांचा चेहरा पडला. पण शनिवारी त्यांनी अख्ख्या चर्चला मासे पकडायला आणि जेवायला बोलावलं. मक्याच्या पिठाच्या पराती भरल्या, कढया तापल्या आणि काठावर नुसता कल्ला उडाला. "लागला रे, लागला!" दर मिनिटाला आरोळी उठत होती.

दुपारी काकांच्या बायकोनं, व्हर्नाकाकूंनी, सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या केल्या. मासे निघाले एकोणीस.

"अरे, सकाळपासून काय नुसत्या आरोळ्याच पकडल्यात?"

पास्टर ओशाळून हसले. "हॉयटचा जीव तुटेल म्हणून आम्ही सगळ्यांनी गुपचूप सोडून दिले."



ते एकोणीसच्या एकोणीस मासे एकट्या हॉयटकाकांनी पकडले होते.