गाइडची फळी

"आधी पातं पार खाली घे. टेबलाच्या पोटात," मिस्त्री फोनला म्हणाले.

फोन त्यांनी डिंकाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. स्पीकर चालू. रविवारची सकाळ, कारखान्याचं शटर अर्धंच वर. मिस्त्रींनी स्वतःच्या करवतीचंही चाक फिरवून पातं खाली घेतलं. तशी गरज नव्हती, पण हाताने केल्याशिवाय त्यांना तोंडाने सांगता येत नसे.

"घेतलं," पलीकडून त्यांची मुलगी म्हणाली.

तिला पुस्तकांचं कपाट करायचं होतं. मागची प्लाय बसवायला कडेने खाच हवी होती. अशी खाच पाडायची तर पातं गाइडला अगदी खेटून चालवावं लागतं. गाइड म्हणजे ज्याला लाकूड टेकवून सरळ चिरतात, तो लोखंडी दांडा. पातं त्याला लागलं की दोन्ही गेली. म्हणून गाइडला लाकडाची फळी जोडून घ्यायची. लागलं तर तिला लागेल.

"ती कापली जायलाच असते," मिस्त्रींनी बजावलं. "तिची हळहळ करायची नाही."

बायको होती तोवर मुलीचा फोन तीच घ्यायची. शेवटी तो मिस्त्रींच्या हातात यायचा. "बरी आहेस ना? मग झालं," एवढं बोलून ते परत द्यायचे. नऊ महिन्यांपूर्वी बायको गेली आणि फोन परत द्यायला कुणी उरलं नाही. पहिले दोन रविवार बापलेक नुसते एकमेकांचा श्वास ऐकत बसले. तिसऱ्या रविवारी मुलीने विचारलं, खुर्चीचा पाय डुगडुगतोय, काय करू? मिस्त्री चाळीस मिनिटं बोलले.

मग दर रविवारी काही ना काही निघत गेलं. पटाशीला धार कशी लावायची, ओलं लाकूड कसं ओळखायचं. गेल्या महिन्यात तर तिने कुणाकडून तरी जुनं करवतीचं टेबलच मिळवलं. मिस्त्रींनी ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. लहानपणी ज्या पोरीला ते मशीनपासून दहा हात लांब उभं करत, तीच आता खाचा पाडायला निघाली होती. घरी एकट्याने जेवायला बसले की त्यांना त्या न पाहिलेल्या टेबलाची आठवण यायची आणि घास जरा बरा उतरायचा.

"फळी गाइडएवढी लांब घे. खाली कागद सरकेल एवढी फट ठेव, नाहीतर भुसा अडकतो. आता दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळ. पात्याच्या वाटेत क्लॅम्प नको. गुण्या लावून बघ, फळी काटकोनात आहे का."

"आहे."

"आता गाइड सरकव. फळीने अर्धं पातं झाकलं पाहिजे. झालं? मग मशीन चालू कर आणि पातं हळूहळू वर आण. ते फळीत आपली जागा करून घेतं. मी ऐकतो. लोखंडाला लागत असेल तर आवाजावरून मला कळेल."

पलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

मिस्त्रींनी कान फोनजवळ नेला. वायर लावलीस ना, म्हणून विचारलं. तरी मशीनचा आवाज येईना, तसे ते ओरडले.

"तुझे हात कुठे आहेत?"

"मांडीवर आहेत," मुलगी म्हणाली. "माझ्याकडे करवत नाही, बाबा."

आधी मिस्त्रींना हायसं वाटलं, बोटं शाबूत होती. मग त्यांनी खुर्चीचं विचारलं. खुर्ची घरमालकाची होती, लोखंडी. पटाशी तिने आणलीच नव्हती. तुम्ही दुसऱ्या कशावर बोलत नाही ना, असं ती हळूच म्हणाली.

मिस्त्री स्टुलावर बसले. म्हणजे नऊ महिने पोरगी म्हाताऱ्याचं मन राखत होती. एकट्या माणसाला बोलतं ठेवायचं म्हणून ती पटाशीची धार ऐकून घेत होती, आणि आपण गावभर मिरवत होतो. ते म्हणाले की माझ्यासाठी एवढं करायला नको. तुझ्या मैत्रिणी असतील, तुझी कामं असतील. आठवड्यात एक सुट्टी मिळते, ती म्हाताऱ्यापायी कशाला घालवायची?

"तुमच्यासाठी नव्हतं ते," ती म्हणाली. "मला इथे दुसरं कुणी बोलायला नाही. सोमवार उजाडला की तुम्हाला पुढच्या वेळी काय विचारायचं, तेच मी शोधत असते."

लेक परक्या शहरात राहायला जाऊन दोन वर्षं झाली होती. मिस्त्रींनी उठून भिंतीवरचा मेन स्विच बंद केला आणि स्टूल फोनजवळ ओढलं.

"आता मी विचारतो," ते म्हणाले. "तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?"