काचेकडे तोंड करून

"साहेब, असे उजेडात या. काचेकडे तोंड करा आणि मग बोला," काका म्हणाले.

मॅनेजर मुकाट्याने दिव्याखाली सरकला. या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला काका खांद्याला धरून याच जागी उभं करायचे.

काकांच्या पायांत बायकी, उंच टाचांच्या चपला होत्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. सिनेमाचं चित्रीकरण संपलं की पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाज पुन्हा नव्याने करावे लागतात. पडद्यावर नायिका चालली की इकडे काका चालायचे. एकोणतीस वर्षांत ते कितीतरी नायिकांची, सात-आठ खुन्यांची आणि दोनदा घोड्याची पावलं चालले होते.

काचेपलीकडच्या खोलीत त्यांची थोरली बहीण ध्वनिमुद्रणाला बसायची. सगळा स्टुडिओ तिला ताई म्हणायचा. डोक्यावर हेडफोन, समोर आवाज मोजणाऱ्या यंत्राचा काटा. ताईच्या कानाचा दबदबा असा, की भले भले नट तिच्या खोलीवरून जाताना चपला हातात घ्यायचे.

"आज जिना संपवायचा," मॅनेजर म्हणाला. "परवा दिग्दर्शक ऐकायला येतायत."

"आज जिना संपवायचा. परवा दिग्दर्शक येतायत," काका सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले.

मॅनेजरने मान हलवली. हेच, अगदी हेच त्याच्या कानावर आलं होतं. 'त्या खोलीतल्या माणसाला ऐकू येत नाही,' असं कुणीतरी दिग्दर्शकाला सांगितलं होतं. नाव घेतलं नव्हतं. ते खरं निघालं, तर खोली दुसऱ्यांच्या हाती जाणार होती. एक गेलं की दुसरंही जाणार, हे सगळे जाणून होते. दोघं एकाच घरात राहायची, एका डब्यात जेवायची. या कामाशिवाय दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं.

लाल दिवा लागला. पडद्यावर नायिका जिना उतरू लागली. काका जागच्या जागी लाकडी फळीवर उतरू लागले. सातव्या पायरीला त्यांनी डावा कान खाजवला.

ताईने झटकन हात वर केला. "थांबा!" स्पीकरमधून तिचा आवाज खणखणला. "बाहेर कोण आहे, बघा!"

मॅनेजरने दार उघडलं. बोळाच्या पार टोकाला ड्रायव्हर किल्ल्यांशी चाळा करत बसला होता.

"अहो, कान आहे की काय आहे!" असं म्हणत मॅनेजर ताईच्या खोलीत गेला. गंमत म्हणून त्याने तिचा हेडफोन स्वतःच्या कानांना लावला आणि दचकून काढला. "बाप रे! केवढा मोठा आवाज ठेवलाय!"

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बारीकसारीक सुटायला नको," ती म्हणाली.

मॅनेजर काचेशी जाऊन उभा राहिला. पलीकडे काका फळी पुसत होते. तिकडेच बघत त्याने हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. काकांना नीट ऐकू येतं ना?"

ताई काट्यावरची धूळ पुसत राहिली.

बहीणच ती, सांगणार कशी, असं मनाशी म्हणून मॅनेजर बाहेर आला.

काका आता दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले होते आणि चपलेचा पट्टा आवळत होते. लाल दिवा बंद होता. मॅनेजर चार पावलं मागेच थांबला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "काका, उद्यापासून येऊ नका."

"आजचा दिवस तरी भरू द्या की," काका मान न वळवता म्हणाले. "बाई अर्ध्या जिन्यात खोळंबलीय. तिला काय उडी मारायला सांगू?"

मॅनेजरचा चेहरा पडला. मग त्याला हसू फुटलं. तो पुढे येऊन स्टुलाशेजारी उकिडवा बसला.

"मला वाटलं, तुम्हाला ऐकायला येत नाही."

"मला? मघाशी तुमच्या पोटात कावळे ओरडत होते, तेही ऐकलंय. जेवून घ्या."

"मग प्रत्येक वाक्य दोनदा का म्हणता?"

"वय झालं साहेब. दोनदा म्हटल्याशिवाय डोक्यात राहत नाही."

"आणि तो दिव्याखाली उभं करायचा प्रकार?"

"समोरच्याचं तोंड दिसलं की बोलायला बरं वाटतं."

मॅनेजर गुडघ्यांवर हात टेकून उठला. मनावरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. "दिग्दर्शकांना सांगतो, सगळी बाजारगप्प आहे म्हणून. या खोलीत माणसं तरी किती? एक तुम्ही आणि एक ताई!" त्याचं त्यालाच हसू आलं. दारातून तो पुन्हा वळला. "ताईंना यातलं काही सांगू नका हं. उगाच राग धरतील."

"छे, छे."

मॅनेजर बाहेर पडला आणि तेवढ्यात वीज गेली. ती दिवसातून दोनदा तरी जायचीच. काकांच्या खिशात त्यासाठी छोटा टॉर्च असायचा. खोल्यांना खिडक्या नव्हत्या, त्यामुळे भरदुपारी मिट्ट काळोख झाला.

"पाच मिनिटांत येईल!" बोळातून मॅनेजर ओरडला.

काकांनी चपला काढल्या आणि अनवाणी, हाताने चाचपत काचेपर्यंत गेले. टॉर्च पेटवला आणि त्याचा उजेड स्वतःच्या ओठांवर धरला. मग घशातून जराही आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत ते काचेपलीकडे म्हणाले, "ताई, वीज पाच मिनिटांत येईल. आणि घाबरू नकोस, त्यांना संशय माझाच होता."