मे महिन्यापुरतं आजोळ

स्मरणकेंद्रात शैलजाबाईंनी वारलेल्या आईचा आवाज मागितला, तर पडद्यावर सासूबाईच आल्या.

"नोंदीत प्रत्येकाच्या वर एकच नाव बसतं, मावशी," कारकून म्हणाला. "लग्नानंतर तुमच्या वर सासूबाईंचं आलं. आठवणी तिथूनच खाली उतरतात."

"मग आईचं नाव लावा."

"लावतो, पण तुमच्याखालची मुलं-नातवंडंही तुमच्याबरोबर तिकडे जातील. सासरच्या आठवणी तुटतील त्यांच्या."

शैलजाबाई हसल्या. "मे लागलाय ना? शाळा उघडल्या की आम्हाला परत आणून ठेवा. दर उन्हाळ्यात असंच तर न्यायचे मी पोरांना."

कारकुनाने नाव बदललं. पडद्यातून चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, "आलात? आधी पाय धुऊन या रे सगळे."