आत्ता एक जण बघतोय

सुतारमामांची लाकडी खेळणी खपेनात. आणखी आठवडाभर बघून दुकानाला कुलूप लावायचं ठरलं, तेव्हा भाचीने वेबसाइटवर 'आत्ता इतके जण बघताहेत' असा आकडा लावून दिला. "लोक बघून लोक येतात का, पाहू. आकडा खराय मामा, तुमचा कंप्युटर त्यात धरलेला नाही."

पहिल्या दिवशी शून्य. मामा भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवसापासून मात्र 'एक' दिसू लागला, तो हलेचना.

सातव्या दिवशी मामा धापा टाकत जेवायला घरी आले. "अगं, एक गिऱ्हाईक सहा दिवस चिकटून बसलंय! आज घेणारच बघ!"

ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या, मामीच्या मोबाइलवर मामांच्याच वेबसाइटवरचं लाकडी आगगाडीचं पान उघडं होतं. चार्जर लावलेला.

मामी ताट वाढता वाढता म्हणाली,

"शून्य दिसलं की तुम्ही जेवत नाही."