दाद

हंगेरियन मायनर. नाव भारी, पण भावना युकुलेलेवर ते स्केल वाजवायला बसली की आई करवादायची, "बंद कर वं ते! साप काढून राहिली काय घरात?" बाबा मात्र आईचं बोलणं ऐकूच न आल्यासारखे असायचे. बीरगांवच्या रोलिंग मिलमधल्या घणघणाटातून थकून आले, तरी लेकीसमोर बसून तिच्या बोटांवर नजर ठेवून मान डोलवायचे.

आज ते येऊन बसले, तेव्हा भावना विसरलेली कॉर्ड आठवत डाव्या हाताची बोटं नुसतीच तारांवर दाबून बघत होती. बाबांची मान डोलू लागली.

"वा बेटा! आज तर एक नंबर वाजवून राहिली!"

भावनानं मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यानं अजून एकही तार छेडली नव्हती.