दिवसाला एक ठोका

"आपल्या पोरीनं ताऱ्याची नाडी धरली!" सिद्धोधनमामा माईकवर ओरडले आणि विहारापुढचा मांडव टाळ्यांनी भरून गेला. खांद्यावरची सत्काराची शाल संघप्रियाला टोचत होती.

तारा तिचा लाडका. तापलेला, निळसर, गरगर फिरणारा. इतका गरगर, की कमरेत फुगतो, आपलाच वायू उधळतो आणि त्याचंच कडं घालून बसतो. त्याचा उजेड कमीजास्त होतो, ऊर धपापल्यासारखा. दोन हिवाळे दुर्बिणीमागं बसून तिनं त्यातला ठोका शोधला होता. दिवसाला एक. पेपरात फोटो आला. मामांनी मांडव टाकला.

आज सकाळी, मानवतच्या बाजारातून हार यायच्या आधी, चिलीतल्या सहकाऱ्यांचा मेल आला. इथं दिवस असताना तिकडं घेतलेली मोजमापं जोडली, की तो ठोका उरतच नव्हता. वाचून ती अंघोळीला गेली, पांढरी साडी नेसली आणि येऊन खुर्चीवर बसली. शाल घेतली, नारळ घेतला. त्याचीच तिला आता लाज वाटत होती. पुढच्या रांगेत तिची आई गीताबाई, कापसाची वेचणी सोडून बसलेली; डोळ्यांनीच लेकीची दृष्ट काढत होती.

संघप्रिया मामांच्या कानाशी वाकली. "मामा, ते चुकलंय. मला सांगू द्या."

"आज न्हाई, माय. समदं गाव बसलंय. किशनरावबी आलेत."

किशनराव कार्यक्रमाचे अध्यक्ष होते. पाटील गल्लीतले, विहारापुढं ते पहिल्यांदाच बसले होते.

ती उठलीच. "जय भीम," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. मग एका दमात बोलली, "माझा शोध खोटा निघाला. आमी ताऱ्याला फक्त रात्री बघतो. दिवसभर खंड पडतो. त्या खंडाचाच ताल मला ताऱ्याचा वाटला. ठोका आपल्याच दिवसरात्रीचा होता. हे सकाळीच कळलं होतं. तरी मी शाल घेतली."

तानुबाई म्हातारीनं हात वर केला. "मंग तारा बंद पडला का गं?"

"न्हाई आजी. तो धडधडायलाय. माझंच मोजणं चुकलं."

"मंग मोज की परत! रडायलीस कशाला?"

मागं कुणीतरी हसलं. मामा मात्र मान खाली घालून माईकची वायर नीट करू लागले. वायर नीटच होती.

किशनराव भाषणाला उभे राहिले.

"मी सांगणार होतो," ते म्हणाले, "की ही पोरगी आमच्या गच्चीवरून तारे बघत मोठी झाली." त्यांनी गीताबाईंकडं बघितलं आणि नजर खाली टाकली. "आली होती खरी. शेपटीचा तारा निघाला होता तवा, समद्या लेकरांसंगं. बाकीची वर गेली. हिला मी जिन्यावरूनच माघारी लावलं."

शाल उतरवायला गेलेला संघप्रियाचा हात तसाच राहिला. हे ती कुणालाच, आईलाही, बोलली नव्हती. त्या जिन्याची लाज इतकी वर्षं ती आपलीच समजत होती.